झीटा उणे ४५, तरी तळाला दगड: डिस्पर्शन ‘स्थिर’ आहे हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: रुटाइल जातीची टायटॅनियम डायऑक्साइडची पूड, पाण्यात वजनाने २० टक्के पसरवलेली (हेच डिस्पर्शन), डिस्पर्संट म्हणजे कण सुटे ठेवणारा पदार्थ म्हणून सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणाच्या विद्युतभारामुळे त्याच्या पृष्ठभागाजवळ असणारा दाब, उणे ४५ मिलिव्होल्ट; डीएलएसवर (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून आकार काढणाऱ्या यंत्रावर) कणांचा आकार ३१० नॅनोमीटर. ‘३० च्या पुढे गेलं की स्थिर’ या नियमाने सगळं ठीक. तरी महिन्याभराने बाटलीच्या तळाशी असा थर सापडला की स्पॅच्युला आत जाईना. चुकलं कुठे, हे आधी कसं कळलं असतं आणि आता काय बदलायचं?

तुमचं मशीन खोटं बोलत नाहीये. उणे ४५ च्या आसपासचा आकडा मला पटतो. गंमत अशी की तळाचा दगड हा त्या चांगल्या आकड्यामुळेच झालाय.

‘स्थिर’ या एका शब्दात आपण तीन वेगळे प्रश्न कोंबतो. कण एकमेकांना चिकटतायत का? चिकटत नसले तरी खाली बसतायत का? आणि बसले, तर हलवल्यावर परत उठतात का? झीटा फक्त पहिल्या प्रश्नावर बोलतो, तेही अर्धवट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मशीन न लावता, कागदावर दोन मिनिटांत मिळतं आणि ते तुम्ही काढलेलं दिसत नाही.

स्टोक्सचं सूत्र घ्या: व्यासाचा वर्ग गुणिले घनतेतला फरक गुणिले गुरुत्व, भागिले १८ पट व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा). रुटाइलची घनता साधारण ४.२, पाण्याची १, फरक ३.२. व्यास ०.३ मायक्रॉन. उत्तर येतं दिवसाला सुमारे १३ मिलिमीटर. कणांची गर्दी असली की वेग कमी होतो. वजनाने २० टक्के म्हणजे आकारमानाने जेमतेम साडेपाच टक्के, आणि रिचर्डसन-झाकी यांच्या १९५४ च्या सूत्राने वेग पाऊणपट होतो. म्हणजे दिवसाला १० मिलिमीटर. दहा सेंटिमीटर उंचीची बाटली दहा-बारा दिवसांत तळाला जाणार हे पूड पाण्यात पडायच्या आधीच ठरलेलं होतं. तुम्ही महिन्याने पाहिलंत म्हणून महिना लागला असं वाटलं.

कणांची आपली आपण होणारी थरथर, म्हणजे ब्राउनियन हालचाल, त्यांना वर धरून ठेवत नाही का? ठेवते, पण किती उंचीपर्यंत तेही काढता येतं: औष्णिक ऊर्जा भागिले कणाचं पाण्यातलं वजन. तुमच्या कणांसाठी ही उंची येते सुमारे ९ मायक्रॉन. १० नॅनोमीटरच्या सिलिकासाठी तीच ६०-७० सेंटिमीटर, म्हणून सिलिका सोल (पाण्यात पसरलेले असे अतिबारीक कण) कितीही वर्षं ठेवा, बसत नाही. फॅराडेने १८५७ च्या सुमारास केलेली सोन्याची लाल द्रावणं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेली आहेत. सोन्याची घनता १९ च्या वर असूनही! सगळी करामत कणांच्या बारीकपणाची. ०.३ मायक्रॉनच्या रुटाइलला ती सवलत नाही.

आता तुमच्या डिस्पर्संटला त्याचं श्रेय देऊ. प्रतिकर्षण अजिबात नसतं तर काय झालं असतं, याचा हिशोब स्मोलुचोव्स्कीने १९१७ मध्ये मांडला. त्याप्रमाणे तुमच्या बाटलीत कणांची संख्या निम्मी व्हायला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरला असता. तुमचे कण महिनाभर सुटे राहिले. म्हणजे झीटाने आपलं काम चोख केलं. फक्त ते काम कणांना बसू न देण्याचं नव्हतं.

आणि सुटे कण बसतात कसे? एकेकटे येतात, शेजाऱ्याला न चिकटता घसरत घसरत सगळ्यात खालच्या मोकळ्या जागेत जाऊन बसतात. साका इतका दाट होतो की त्यात साठ टक्क्यांच्या आसपास आकारमान निव्वळ घन पदार्थाचं असू शकतं. वरच्या थरांचं वजन खालच्यांना दाबत राहतं, आणि मग जे प्रतिकर्षण पाण्यात पुरेसं होतं ते तिथे कमी पडतं. झाला दगड. याउलट हलके चिकटणारे कण पहिल्याच स्पर्शात अडकतात, त्यांचे पोकळ, पाणी धरून ठेवणारे पुंजके होतात. ते भराभर बसतात, वर स्वच्छ निवळ दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं माल बिघडला. पण साका विसविशीत असतो, दोन हिसक्यांत उठतो. औषधी सस्पेन्शन करणारे लोक हे मुद्दाम करतात. रंगवाल्यांना तेच चालत नाही, कारण पुंजके झाले की चमक आणि झाकण्याची ताकद दोन्ही जातात. म्हणून ‘स्थिर करा’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो: वापरणारा बाटली हलवणार आहे का?

झीटाबद्दल अजून थोडं, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. तुम्ही नमुना पातळ कशाने केला ते प्रश्नात लिहिलेलं नाही. बहुतेक जण डीआय, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने करतात. तसं केलं की क्षार विरळ होतात, कणाभोवतीचा विद्युतभाराचा थर फुगतो (एक मिलिमोलर साध्या मिठात तो साधारण १० नॅनोमीटर जाड असतो, शंभर मिलिमोलरमध्ये एकच नॅनोमीटर), पीएच सरकतो आणि पृष्ठभागावरचा थोडा डिस्पर्संट सुटूही शकतो. हाती येतो तो वेगळ्याच द्रवातल्या कणांचा झीटा. बरोबर रीत अशी: मूळ नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरची निवळ काढा आणि त्या निवळीतच मूळ नमुन्याचा एक थेंब टाकून मोजा. ताशी पाच नमुने व्हायचे तिथे दोन होतील, होऊ द्या. इलेक्ट्रोअकूस्टिक (ध्वनिलहरींच्या मदतीने दाट नमुन्यातच झीटा मोजणारं) उपकरण हाताशी असेल तर पातळ करायची गरजच नाही.

एकच आकडा घेऊन थांबूही नका. पीएच बदलत जाऊन पूर्ण रेघ काढा. सिलिकाचा झीटा पीएच २ ते ३ च्या दरम्यान शून्य होतो, टायटानियाचा ६ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनाचा ९ च्या आसपास. पृष्ठभागावर दुसरं लेपन असेल तर हे आकडे हलतात, आणि बाजारातल्या बऱ्याच रुटाइलवर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचं लेपन असतंच. तुमचा माल त्या शून्यबिंदूपासून किती लांब उभा आहे, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच अर्ध्या अंकाने उतरला तर काय होईल, हे त्या रेघेवरून कळतं. आणि झीटा लहान असूनही माल छान टिकतो अशी उदाहरणं भरपूर आहेत. लांब पॉलिमर साखळ्यांनी कणांना अंतरावर ठेवलेलं असतं तेव्हा विद्युतभाराची गरज उरत नाही. तिथे ३० चा नियम लावणं म्हणजे थर्मामीटरने वजन करणं.

क्षारांचा मुद्दा मी कधीच सोडत नाही, कारण त्याने मला एकदा चांगलंच पळवलंय. एका कारखान्यात लॅबमधली कृती जशीच्या तशी चालवली आणि दोन तासांत टाकीतला माल इतका घट्ट झाला की पंप अडकला. पुडीचा लॉट बदलला होता, म्हणून सगळे पुडीच्या मागे लागले. तीन दिवस आम्ही कणांचा आकार मोजत बसलो. शेवटी एका ऑपरेटरने सहज सांगितलं की त्या पाळीत डीआय प्लांट बंद होता, म्हणून टाकी बोअरच्या पाण्याने भरली. पाण्यातले क्षार ओळखणारा कंडक्टिव्हिटी मीटर टेबलावरच पडला होता, दहा सेकंदांचं काम होतं. एकेरी भाराच्या आयनपेक्षा दुहेरी भाराचा कॅल्शियम किती जहाल, याचं जुनं उदाहरण आर्सेनिक सल्फाइडच्या सोलचं: गोठायला सोडियम क्लोराइड सुमारे ५१ मिलिमोलर लागतं, कॅल्शियम क्लोराइड फक्त ०.६५, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड तर ०.०९. लिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट एवढा कठीणपणा असलेल्या पाण्यात दोन मिलिमोलर कॅल्शियम असतो. वर पॉलिअ‍ॅक्रिलेट कॅल्शियमशी स्वतःच बांधलं जातं, म्हणजे डिस्पर्संटही गेला. तेव्हापासून पीएच आणि कंडक्टिव्हिटी प्रत्येक बॅचला, आणि ठेवलेल्या नमुन्यांची दर आठवड्याला. याहून स्वस्त स्थिरता-चाचणी मला माहीत नाही.

आता तुमचे ३१० नॅनोमीटर. हा सरासरीचा आकडा, आणि बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. एक मायक्रॉनचा रुटाइल कण दिवसाला १५ सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे तुमच्या बाटलीचा तळ तो पहिल्याच दिवशी गाठतो. तळाच्या थराचा पाया हे थोडे भरड कणच घालतात. डीएलएसच्या कुव्हेटमध्ये नमुना खूप पातळ असतो आणि भरड कण मोजणी चालू असतानाच किरणाच्या खाली निघून जाऊ शकतात. त्यासाठी लेझर डिफ्रॅक्शन (प्रकाश कोणत्या कोनांत विखुरतो त्यावरून आकार काढणारी पद्धत) करा आणि सरासरीऐवजी डी-९० आणि डी-९९ कडे, म्हणजे ९० आणि ९९ टक्के माल ज्या व्यासांच्या खाली येतो तिकडे बघा.

मग तळ आधी कसा ओळखायचा? मूळ नमुन्यावर, पातळ न करता. आयएसओचा १३०९७ क्रमांकाचा २०१३ चा तांत्रिक अहवालही मूळ नमुन्यावरच भर देतो. मी सुरुवात शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रापासून करतो. पात्राला उभी कागदी पट्टी चिकटवायची आणि रोज दोन रेषा मारायच्या: वर निवळ कुठपर्यंत आली, आणि खाली साका कुठपर्यंत चढला. तुमच्यासारख्या सुट्या कणांच्या मालात वरची रेषा सापडतच नाही. बारीक कण मागे रेंगाळत राहतात, त्यामुळे वरून पाहिलं तर पुष्कळ दिवस पांढरंशुभ्र. सगळं घडतं ते खाली, आणि पांढऱ्यावर पांढरं असल्याने दिसत नाही. म्हणून काचेची कांडी. स्वच्छ, गोल टोकाची, स्वतःच्या वजनाने सोडायची, दाबायची नाही. चांगल्या नमुन्यात ती काचेवर ‘टक्’ करून टेकते. विसविशीत साक्यात शेवटचे दोन सेंटिमीटर संथ होते, पण पोचते, आणि आवाज बोदा येतो. दगड होत असेल तर तळाच्या काही मिलिमीटर आधीच थांबते आणि हाताला किंचित करकर लागते. ही करकर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही जाणवू शकते. मग पात्र सावकाश उलटं करायचं आणि किती उलटण्यांत तळ मोकळा होतो ते मोजायचं. चार की चाळीस, हा आकडा ग्राहकाला झीटापेक्षा लवकर समजतो.

पैसे असतील तर बाटलीच्या पूर्ण उंचीवर प्रकाश फिरवून परत येणारा आणि आरपार जाणारा प्रकाश मोजणारं उपकरण घ्या. डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी ते सांगतं. वाचायची युक्ती एकच: बदल फक्त तळाला आणि माथ्याला असेल तर कण सरकतायत. बदल पूर्ण उंचीवर सारखा असेल तर कण वाढतायत किंवा चिकटतायत. एक खबरदारी घ्या. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असताना आकार वाढला की परतीचा प्रकाश वाढतो, बरेच मोठे असताना कमी होतो. तुमचे कण या दोन्हींच्या मध्ये, शिखराजवळ आहेत. त्यामुळे थोडी गुठळी झाली तरी सिग्नल जागचा हलणार नाही, आणि सपाट रेघ पाहून तुम्ही खूश व्हाल.

ओव्हनबद्दल मला राग आहे, तो काढून घेतो. ‘५० अंशांवर महिना म्हणजे बाहेर अमुक महिने’ हा हिशोब रासायनिक क्रियांसाठी. बसण्याच्या वेगात तापमान येतं ते व्हिस्कॉसिटीतून, आणि २५ वरून ५० अंशांवर गेलं तर पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.८९ वरून ०.५५ मिलिपास्कल-सेकंद होते. वेग वाढला जेमतेम १.६ पट. उलट, इथॉक्सिलेट जातीचा डिस्पर्संट असेल तर तापल्यावर त्याच्या साखळ्या पाणी सोडतात, आवळतात, आणि जो माल बाहेर वर्षानुवर्षं टिकला असता तो ओव्हनमध्ये नापास होतो. अशी एक चांगली कृती मी स्वतः कचऱ्यात टाकली आहे. नमुन्यांचा एक खोका खोलीत तसाच विसरला होता, दोन वर्षांनी उघडला तर ठणठणीत!

घाई असेल तर सेंट्रिफ्यूज, पण डोकं वापरून. तुमच्या मालाचा १० मिलिमीटर प्रतिदिन हा वेग २०० जी ला (गुरुत्वाच्या २०० पट जोराला) मिनिटाला जवळपास १.४ मिलिमीटर होतो, म्हणजे दोन सेंटिमीटरचा नमुना पाव तासात उरकतो. सोय झाली खरी. तरी एकाच वेगावर थांबू नका: ५०, १००, २००, ४०० जी ला बसण्याचा वेग काढा आणि आलेख मांडा. बिंदू शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर आले तर १ जी पर्यंत मागे जायला हरकत नाही. रेषा वाकली तर मालात कणांची किंवा पॉलिमरची जाळी आहे. शेल्फवर ती कण सहज पेलत असते आणि तुमच्या फिरवण्यानेच मोडते. असा माल सेंट्रिफ्यूजने नाकारणं म्हणजे शिडीवर हत्ती चढवून शिडी कच्ची ठरवणं.

आता बदलायचं काय. पहिली गोष्ट, डिस्पर्संटची मात्रा. पुडीच्या वजनावर आठ-दहा वेगवेगळ्या मात्रा घ्या, प्रत्येकीची व्हिस्कॉसिटी मोजा, आलेख काढा. तो खाली येतो, तळ गाठतो, मग परत चढतो. चढतो का? जास्तीचं पॉलिअ‍ॅक्रिलेट पाण्यात मोकळं राहतं, आपल्यासोबत सोडियम आणतं, प्रतिकर्षण झाकतं आणि कणांना बाहेरून एकमेकांकडे ढकलतं. ‘थोडं जास्त घातलं तर बरंच’ हे इथे खरं नाही. मात्रा फार कमी असेल तर वेगळाच घोटाळा: लांब साखळी अर्धी या कणावर, अर्धी त्या कणावर अडकून पूल बांधते. व्हिस्कॉसिटीच्या तळाच्या जरासं पुढे थांबा. आणि घोटण्याची वेळ वाढवली तर ही मात्रा पुन्हा काढा, कारण नवा पृष्ठभाग तयार झाला की डिस्पर्संटची मागणी वाढते.

भरड शेपूट घोटून किंवा गाळून काढा. याने पाया जाईल, पण ०.३ मायक्रॉनचे कण बसायचे थांबणार नाहीत. त्यासाठी द्रवच बदलावा लागेल.

खरा उपाय जाडसर करणाऱ्या पदार्थाचा, आणि इथे कुठली व्हिस्कॉसिटी हा प्रश्न येतो. ढवळताना किंवा ओतताना मोजलेली निरुपयोगी. वर्षाला एक सेंटिमीटरच्या आत ठेवायचं तर वेग सुमारे ३६५ पट कमी हवा, म्हणजे जवळपास स्थिर द्रवात ०.४ पास्कल-सेकंदाच्या आसपास व्हिस्कॉसिटी. तेव्हा कणाभोवतीचा शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून सरकण्याची गती) सेकंदाला हजारांश भागाच्या पातळीवर असतो. रिओमीटरवर तिथपर्यंत खाली जा, नाहीतर ठराविक बारीक ताण देऊन क्रीप, म्हणजे माल किती हळू सरकतो ते, मोजा. झँथन गम ०.१ ते ०.३ टक्के या कामाला नेहमी पुरतो: निवांत असताना जाड, ओतताना पातळ. प्रिझर्व्हेटिव्ह विसरू नका, जंतू तो खातात आणि तिसऱ्या महिन्यात तुम्हाला वाटतं डिस्पर्संट बिघडला. झँथन कणांना चिकटत नाही, त्यामुळे जास्त झाला तर तोही कणांना पुंजक्यात ढकलतो. म्हणून घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघाच. बेंटोनाइटसारखी माती वापरणार असाल तर आधी ती साध्या पाण्यात नीट फुलू द्या, मग डिस्पर्शनमध्ये मिसळा. उलट क्रमाने गेलात तर पॉलिअ‍ॅक्रिलेट मातीच्या कडांवर जाऊन बसतं आणि जाळी उभीच राहत नाही.

माल हलवूनच वापरायचा असेल आणि चमक-झाकणी महत्त्वाची नसेल, तर उलटी वाट धरा: थोडा कॅल्शियम किंवा मीठ देऊन झीटा मुद्दाम खाली आणा. मोजपात्रात साक्याचं आकारमान मात्रेप्रमाणे वाढत जातं, एका ठिकाणी सर्वात जास्त होतं. तीच मात्रा घ्या. यात आकडा ‘वाईट’ होईल, घाबरू नका.

ती महिनाभर बसलेली बाटली मात्र फेकू नका. न हलवता वरून, मधून आणि तळातून पिपेटने नमुने घ्या, वाळवून घनांश काढा, तळाच्या नमुन्याचा आकार लेझर डिफ्रॅक्शनवर बघा. तळाचे कण सुटे केल्यावर ताज्या मालाइतकेच निघाले तर नुसतं बसणं झालंय आणि झँथन पुरेल. मोठे निघाले आणि अल्ट्रासाउंड दिल्यावरही मोठेच राहिले तर पाणी, पीएच आणि डिस्पर्संटची मात्रा या क्रमाने शोधत जा. वरच्या निवळीची कंडक्टिव्हिटी आजच लिहून ठेवा.